कोतवाल बुकातली बिननावाची बाळं

विदर्भातल्या माणसाला 'कोतवाल बुक' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईच्या मित्रांना मात्र दर वेळी सांगावं लागतं, म्हणून आधी तेवढं उरकतो. ब्रिटिशांच्या काळात आमच्या वऱ्हाडात गावोगाव जन्म-मृत्यूची नोंद ठेवली जायची. कोणाच्या घरी मूल झालं, कोण गेलं, बापाचं नाव काय, जात काय, कशानं गेलं. ही वही म्हणजे कोतवाल बुक. आज त्या वह्यांचा उपयोग बहुतेक एकाच कामाला होतो, तो म्हणजे जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा बाकी महाराष्ट्राला या प्रकाराचा शोध लागला. आमच्याकडे ॲडमिशनच्या सीझनला त्या नकलांसाठी तहसील कचेरीत चकरा मारणं हे जुनंच दुखणं आहे.

मीही मारल्यात. बुलढाणा जिल्ह्यातला, इंजिनिअरिंगला जाणारा मुलगा, सोबत वडील आणि फाइल. पणजोबांच्या पिढीची नोंद सापडली आणि काम झालं. पण त्या पानांवरचं दुसरंच काहीतरी डोक्यात राहिलं. जन्माच्या नोंदीत मुलाचं नावच नव्हतं! 'अमक्यास मुलगा झाला' एवढंच. (यावरून पुढे पडताळणीत किती डोकेफोड होते ते विचारू नका. हा 'मुलगा' म्हणजे तुमचेच आजोबा कशावरून?) आणि मृत्यूच्या पानांवर 'मुलगा, ९ दिवस', 'मुलगी, ६ दिवस', 'मुलगी, १ महिना'... एकाखाली एक. त्यांनाही नाव नाही. बारशाच्या आधीच गेलेल्या बाळाला नाव असणार तरी कुठून?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे दोनशेच्या वर बाळं वर्षाच्या आत जात होती. म्हणजे पाचातलं एक. आणि हे फक्त नोंदलेलं. हा आकडा आपण 'पूर्वी असंच व्हायचं' म्हणून पटकन पुढे ढकलतो. पण आपल्या भाषेनं तो ढकललेला नाही, जपून ठेवलाय. आजोबांच्या पिढीतली नावं आठवून पाहा. दगडू, धोंडू, कचरू, केरू, भिका, उकर्डा. आधीची दोन-तीन मुलं गेली की पुढच्याला मुद्दाम असं टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्याकडे वळणार नाही. मुलाचं नाक टोचून नथ घालायची आणि त्याला नथू म्हणायचं, म्हणजे मुलगी समजून यम पुढे जाईल. सटवाईला नवस बोलून झालेला तो सटवाजी. आपण ही नावं विनोदात वापरतो, 'धोंडू' म्हटलं की हसतो. प्रत्येक धोंडूच्या मागे एखादं-दुसरं बिननावाचं बाळ असायचं हे मला वयाच्या पंचविशीपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

आता पाचवीकडे या. बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, सहाव्या दिवशी सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते. रात्रभर दिवा तेवत ठेवायचा, बायकांनी जागायचं. पाटा-वरवंटा, विळा किंवा सुरी, कोरा कागद आणि लेखणी बाळाजवळ ठेवायची. शहरातल्या फ्लॅटमध्येही हे अजून होतं, पेन मात्र जेलचं असतं. आणि बारसं कधी? बाराव्या दिवशी.

मला हे वेळापत्रक फार विचार करायला लावतं, कारण आणखी एका गोष्टीचं वेळापत्रक नेमकं असंच आहे. नवजात बाळाचा धनुर्वात! नाळ कापताना किंवा नंतर नाळेवर राख, शेण, माती लावताना जंतू आत जातात. पहिले दोन-तीन दिवस बाळ छान दूध पितं. मग साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान एकदम तोंड उघडेनासं होतं, अंग ताठ होतं, झटके येतात. उपचार नसतील तर जवळपास कोणीच वाचत नाही. बाकीचे जंतुसंसर्गही याच दिवसांत बाळाला गाठतात. तेव्हा पाचव्या-सहाव्या रात्री दिवा लावून जागणाऱ्या बायकांना जंतू माहीत नसले तरी तारीख बरोबर माहीत होती, असा माझा तर्क आहे. आणि बारा दिवस नाव न ठेवणं म्हणजे धोका टळेपर्यंत जीव न लावणं. त्यातला सगळ्यात कडू भाग असा की बाळाच्या रक्षणासाठी उशाशी ठेवलेला विळा आणि नाळ कापणारा विळा अनेक घरांत एकच असायचा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांत याच आजाराला 'सात दिवसांचा आजार' म्हणत आले आहेत. स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाचं एक एकाकी बेट आहे (आता तिथे वस्ती नाही), तिथे त्याचं नाव 'आठ दिवसांचं दुखणं'. तिथली बहुसंख्य बाळं दोन आठवड्यांच्या आत जायची. १८९० च्या आसपास अँगस फिडिस नावाचे तिथले पाद्री ग्लासगोला जाऊन निर्जंतुक बाळंतपण कसं करायचं ते शिकून आले आणि दुखणं संपलं. ना नवं औषध, ना हॉस्पिटल. स्वच्छ हात आणि स्वच्छ नाळ, बस्स.

त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? कल्याणच्या एका चौदा वर्षांच्या मुलीला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. कोतवाल बुकाच्या भाषेत 'मुलगा, १० दिवस'. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. 'पहिली महिला डॉक्टर' हे आपल्याला शाळेत पाठ करून घेतात, २०१९ चा सिनेमाही बहुतेकांनी पाहिलाय. पण तिच्या प्रवासाची सुरुवात या दहा दिवसांपासून होते हे थोडं मागे पडतं. योग्य उपचार मिळाले नाहीत म्हणून मूल गेलं, आणि स्त्रियांना पुरुष डॉक्टरकडे जाता येत नाही म्हणून स्त्री डॉक्टर हवी, असा तिचा सरळ हिशोब होता. १८८३ मध्ये ती अमेरिकेला निघाली, ११ मार्च १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र! म्हणजे बाळंतपणच. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा तिची वाट पाहत होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं ती गेली. बाविसावं वर्षही पूर्ण नव्हतं.

इथे थोडं आकड्यांबद्दल, कारण शेवटी आपला धंदा डेटाचा आहे. १९२१ साली मुंबई शहराचा नोंदलेला बालमृत्युदर हजारी साडेसहाशेच्या वर होता. तीनातली दोन बाळं! परिस्थिती भयानक होतीच, चाळींतल्या एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहत होती. पण या आकड्यात एक गोची आहे. गिरणगावातल्या कितीतरी बायका बाळंतपणाला गावी जात आणि बाळाला घेऊन मुंबईला परत येत. जन्म गावात (नोंदला तर), मृत्यू मुंबईत. भागाकारात वरचा आकडा फुगलेला, खालचा आटलेला. खेड्यात याच्या उलट. तिथे जन्म आणि मृत्यू दोन्ही पुसले जात. दोन दिवसांचं बाळ अंगणाच्या कोपऱ्यात पुरलं की कोतवालापर्यंत खबर जायचं कारणच नाही. बाळ जन्मलंच नाही, मग मेलं कसं? दर एकदम छान!

१९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून येऊन गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू करतात, तेव्हा त्यांच्यासमोर नेमका हाच प्रश्न होता. बुलढाणा विदर्भाच्या पश्चिम टोकाला, गडचिरोली पूर्व टोकाला. आमच्याकडच्या माणसालाही गडचिरोली म्हणजे परमुलूखच. पण माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतलं महाराष्ट्रातलं सगळ्यात चांगलं 'इंजिनिअरिंग' तिथे झालंय, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

पहिला प्रश्न न्यूमोनियाचा होता. गावात डॉक्टर नाही, एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही. पण न्यूमोनिया झालेलं मूल जोरजोरात श्वास घेतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. हे मोजणार कोण? दाई. आणि दाईला साठपर्यंत मोजता येत नाही. मग त्यांनी एक लाकडी श्वासगणक बनवला. पाटीवर मण्यांची ओळ आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. दहापर्यंत मोजता आलं की झालं! मी असंख्य यूजर इंटरफेस पाहिले आणि दोन-चार बनवलेही, पण वापरणाऱ्याचा एवढा विचार केलेला दुसरा पाहिलेला नाही. न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू खरंच कमी झाले आणि तो निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

तरीही अगदी लहान बाळं जातच होती. मग १९९३ पासून दुसरं काम सुरू झालं. ३९ गावं एका बाजूला, ४७ गावं तुलनेसाठी. आधी दोन वर्षं फक्त मोजणी. प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू, बाळ मेलेलं जन्मलं की जन्मून मेलं हेसुद्धा. पहिल्या २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण त्या ३९ गावांत हजारी ६२ निघालं. त्यानंतर १९९५-९६ मध्ये गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायका, म्हणजे 'आरोग्यदूत', घरोघरी जाऊन बाळांना रोज-दोन रोजांनी पाहू लागल्या. वजन, ताप, श्वास, दूध ओढतंय का. अशा ७६३ बाळांच्या नोंदी झाल्या. निम्म्याहून जास्त बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, प्रत्यक्षात मिळाली ती शंभरातल्या तिघांनाही नाही. आणि निम्म्याहून जास्त मृत्यूंमागे मुख्य कारण होतं जंतुसंसर्ग. जे पाचवीच्या रात्री जागणाऱ्या बायकांना वेगळ्या भाषेत ठाऊक होतं, ते आता फॉर्मवर उतरलं.

पुढची पायरी धाडसाची होती. बाळाला हॉस्पिटलात न्या म्हणणं सोपं, पण पावसाळ्यात, नदीला पूर असताना, बाळंतिणीनं घराबाहेर पाऊल टाकू नये असं घरच्यांचं म्हणणं असताना नेणार कसं? म्हणून उपचारच घरी न्यायचे ठरले. आरोग्यदूत बाईकडे एक पिशवी. त्यात वजनकाटा, थर्मामीटर, गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्याचं साधन, ऊब देणारी झोपायची पिशवी आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन. पाचवी-दहावी शिकलेल्या बाईनं दोन किलोच्या बाळाला अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचं! डॉक्टर लोकांनी भुवया उंचावल्या यात नवल नाही. मीही त्या काळात डॉक्टर असतो तर बहुतेक उंचावल्या असत्या.

निकाल ४ डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये आहेत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर २५.५ वर आला, तुलनेच्या गावांचा हिशोब धरून ६२ टक्के घट. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत, ते २.८ टक्क्यांवर आलं. एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर. दर १८ बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता.

एक गोष्ट मला यात टोचते, ती लपवत नाही. त्या ४७ गावांचं काय? तिथे नेहमीच्या सरकारी सोयी चालू होत्या, पण मोजणाऱ्यांनी तिथले मृत्यू फक्त लिहून घेतले. आपण ऑफिसात बटणाचा रंग निळा की हिरवा यासाठी ए/बी टेस्टिंग करतो आणि अर्ध्या लोकांना कुठलं बटण मिळालं याची कोणाला झोप उडत नाही. इथे 'बी' गटात गावं होती. पण ती ४७ गावं नसती तर तो निष्कर्ष कोणी मानला नसता, आणि मानला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. माझ्याकडे याचं सोपं उत्तर नाही. तेव्हा आधीच 'उपचार' म्हणून दुसरं काही सिद्ध झालेलं नव्हतं, एवढंच स्वतःला सांगता येतं.

मोजणीचा खरा स्फोट झाला २००१ मध्ये. महाराष्ट्रातल्या स्वयंसेवी संस्थांच्या एका गटानं 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी आपापल्या भागातली गावं आणि वस्त्या धरून प्रत्यक्ष किती मुलं दगावतात ते मोजलं, आणि सरकारी नोंदीत त्यातला थोडाच भाग येतो हे दाखवलं. आधी नकार, मग गदारोळ, मग समिती. त्या समितीचे अध्यक्ष अभय बंगच होते आणि सरकारी यंत्रणेत बालमृत्यू मोठ्या प्रमाणात नोंदलेच जात नाहीत हे समितीच्या अहवालातही आलं. खोटेपणा म्हणावा तर तो एका माणसाचा नव्हता. खाली मृत्यू लिहिला तर वरून 'कारणे दाखवा' येणार, मग खालचा माणूस लिहील कशाला? ज्यांनी कधी टाइमशीट भरलीय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आमच्या जिल्ह्याला हा विषय लांबचा नाही. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या डोक्यावर सातपुडा आहे आणि तिथून पुढे मेळघाट. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गाजल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, पुढेही जात राहिलं. आमच्या बाजूच्या भिल्ल-कोरकू वस्त्या मात्र 'मेळघाट' या शब्दात बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर कॅमेरेही फारसे आले नाहीत. २००५ साली औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) मुलांच्या पोषणासाठी राज्याचं मिशन सुरू झालं, त्याला नाव दिलं राजमाता जिजाऊंचं. जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेड राजा आमच्याच जिल्ह्यातलं. आम्हाला नावाचा मान तेवढा मिळाला असं गमतीनं म्हणतात.

त्याच वर्षी 'आशा' आल्या. आणि २०११ मध्ये केंद्र सरकारनं गडचिरोलीची पद्धत (इंजेक्शन वगळून!) त्यांच्या कामात घेतली. बाळ दवाखान्यात जन्मलं तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा भेटी. घरी जन्मलं तर पहिल्या दिवसाची धरून सात. सटवाईच्या कॅलेंडरवर आशाताईचं कॅलेंडर. गरोदरपणात आईला धनुर्वाताची लस द्यायला त्याआधीच सुरुवात झाली होती, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून माता आणि नवजातांचा धनुर्वात हटल्याचं मान्य केलं. पेपरात ती बातमी कितव्या पानावर होती देव जाणे. माझ्या आजीच्या पिढीनं ज्या दुखण्यासाठी रात्र-रात्र दिवे जाळले ते संपलं, आणि आम्ही बहुधा त्या दिवशी क्रिकेट पाहत होतो.

एकूण आकडेही उतरले. १९७१ मध्ये देशाचा बालमृत्युदर १२९ होता, २०२० मध्ये २८. महाराष्ट्राचा २०२० मध्ये १६, आणि त्या सोळांतली ११ बाळं पहिल्या २८ दिवसांतली. म्हणजे राहिलंय ते पुन्हा तिथेच, बारशाच्या आसपास. मरण घरातून दवाखान्यात सरकलंय एवढाच फरक. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, तेव्हा ते सगळ्यांना दिसलं.

आणि मोजणीची कटकटही संपलेली नाही. वरचा १६ हा नमुना नोंदणी पाहणीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण महाराष्ट्रासाठी वेगळं सांगतं: २०१५-१६ च्या फेरीत २३.७ आणि २०१९-२१ च्या फेरीत २३.२. हे सर्वेक्षण मागच्या पाच वर्षांचा हिशोब धरतं, त्यामुळे दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत हे मान्य. पण एका मोजपट्टीवर उतार दिसतो आणि दुसरीवर जवळजवळ सपाट रेषा, तेव्हा मंत्री कुठली मोजपट्टी भाषणात वापरतात ते वेगळं सांगायला नको.

आशाताईंच्या मोबदल्याचंच पाहा. २०११ च्या नियमांप्रमाणे या सगळ्या घरभेटींचे मिळून २५० रुपये, तेही बेचाळीस दिवसांनंतर, आणि काही अटी पूर्ण झाल्या तर. बाळाचं वजन कार्डावर लिहिलेलं हवं, लशी दिलेल्या हव्यात, जन्माची नोंद झालेली हवी. आणखी एक अट होती: बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप असले पाहिजेत. म्हणजे सातपुड्यातल्या एखाद्या वस्तीवर चिखल तुडवत जी आशाताई तिसऱ्या दिवशी गेली, सातव्या दिवशी गेली, आणि चौदाव्या दिवशी गेली तेव्हा बाळ गेलेलं होतं, तिच्या त्या तीन भेटी या नियमाच्या हिशोबात कुठेच बसत नाहीत.